'रक्त पातळ होणे' : हा शब्द बदलायला हवा का?

मंडळी, एक शब्द डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारतोय. आईची हृदयाची माइट्रल झडप बदलून सहा वर्षं झाली, मेकॅनिकल झडप आहे त्यामुळे गोळी जन्मभर. डॉक्टरांपासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळे एकच सांगतात, ही रक्त पातळ करायची गोळी. आता आमच्या घरात 'रक्त पातळ झालंय' म्हणजे अंगात रक्त उरलं नाही, अशक्तपणा, असाच अर्थ. गेल्या उन्हाळ्यात तिचा घोळणा फुटला, त्यात थकवा होताच, तिने मनाशीच ठरवलं की रक्ताचं पार पाणी झालं आणि कुणाला न विचारता गोळी बंद, वर बीट नि खजूर सुरू. अकरा दिवस! स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजल्या तेव्हा कळलं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, निघाला १.३, तिला २.५ ते ३.५ लागतो. झडपेवर गुठळी धरली असती तर काय, हा विचार अजून रात्री येतो. मला वाटतं चूक तिची नाही, शब्दाची आहे. दुसरा चांगला शब्द आहे का?

प्रतिसाद १
शब्द चुकीचाच आहे. त्या गोळीने रक्ताचा दाटपणा कमी होत नाही, गोठायला वेळ लागतो एवढंच. 'रक्तगुठळीरोधक' कोणी म्हणणार नाही. मी 'गुठळी होऊ न देणारी गोळी' म्हणेन, लांब आहे पण खरं आहे. आणि गोठणे, साकळणे यातही फरक ठेवावा. मुका मार लागून कातडीखाली रक्त धरतं ते साकळणं. माझ्या काकांना पेसमेकर बसवल्यावर गळपट्टीच्या हाडाखाली काळंनिळं होऊन टम्म फुगलं, डॉक्टर हिमॅटोमा म्हणाले, काकू लगेच म्हणाली रक्त साकळलंय. अगदी नेमका शब्द.

प्रतिसाद २
थोडं अवांतर, पण 'रक्तस्त्राव' नाही, 'रक्तस्राव'. मूळ धातू स्रु, म्हणजे पाझरणं, त्यात त नाहीच. स्रोत, सहस्र, अजस्र यांच्यातही तो असाच घुसतो.

प्रतिसाद ३
मी हार्टच्या वॉर्डात नर्स आहे. 'रक्तस्राव होतो का' विचारलं की पेशंट नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी रक्तस्राव म्हणजे भळाभळा वाहणं. म्हणून मी विचारते, ब्रश करताना हिरडीतून येतं का, शौचाला डांबरासारखं काळं चिकट होतं का, काही न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात का. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण आतून रक्त जात असेल तर ती चिकट असते आणि वास फार उग्र येतो. बायकांना 'अंगावरून जास्त जातं का' असं हळूच विचारावं लागतं, कित्येक जणी झडप बदलल्यावर महिनोन् महिने ते सोसत असतात आणि सांगत नाहीत. आणि कंबरदुखीची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका हो, पोटातून रक्त जाण्याचं ते मोठं कारण आहे. पालक मेथी बंद करायची नसते, दर आठवड्याला साधारण सारखी खायची म्हणजे आयएनआर वरखाली होत नाही.

प्रतिसाद ४
'वॉर्फरिन' या अशाच गोळीच्या नावाची गोष्टही ऐका. १९२० च्या दशकात अमेरिका कॅनडात सडलेला क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्त जाऊन मरायची, साध्या जखमेतूनही थांबायचं नाही. त्या चाऱ्यातल्या द्रव्याचा शोध विस्कॉन्सिनमध्ये लागला, त्यावरून हे औषध बनवलं आणि संशोधनाला पैसा देणाऱ्या विस्कॉन्सिन अॅल्युम्नाय रिसर्च फाउंडेशनची आद्याक्षरं घेऊन 'वॉर्फ', पुढे कूमरिन या रसायनाच्या नावाचं शेपूट. १९४८ मध्ये ते उंदीर मारायला विकायला आलं आणि १९५४ मध्ये माणसांना द्यायला परवानगी मिळाली. आपल्याकडे बऱ्याच जणांना एसिट्रॉम देतात, तेही त्याच घराण्यातलं.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. नर्सताईंचे प्रश्न कागदावर लिहून घेतलेत. काल गोळ्यांच्या डब्यावर स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'गुठळी होऊ न देणारी गोळी, विचारल्याशिवाय बंद करायची नाही'. आईने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाली, म्हणजे माझं रक्त आहे तसंच आहे ना रे? हो म्हटलं, आहे तसंच आहे.