बेक ऑफ : फुटलेल्या बरणीला पंधरा मिनिटं, वितळलेल्या आइस्क्रीमला काहीच नाही?

सायंतारा

आई सध्या माझ्याकडे इंग्लंडात रेडिंगला आली आहे. मंगळवारी रात्री आठला चॅनल फोरवर 'ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' ही तंबूत होणारी, दर आठवड्याला कुणाला तरी घरी पाठवणारी बेकिंगची स्पर्धा लागते, त्याआधी आमची जेवणं उरकलेली असतात. पुढच्या मंगळवारपर्यंत दम निघत नाही म्हणून मधले दिवस आम्ही जुने सीझन बघतो. काल २०१८ ची फायनल लावली, आणि तेव्हापासून घरात वाद चाललाय. तुमची मतं हवी आहेत.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. राहुल मंडल हा मूळचा कोलकात्याचा, रॉदरहॅमला संशोधक म्हणून काम करणारा मुलगा. आपण आज घरी जाणार असं प्रत्येक आठवड्याला धरूनच चालणारा. फायनलला तो आणि दोन मुली असे तिघे होते. शेवटच्या फेरीत त्याच्या टेबलावरची काचेची बरणी उन्हाच्या तावाने आपोआप फुटली. काचा सगळीकडे उडाल्या. टेबल साफ करावं लागलं, सामान बदलावं लागलं, आणि त्याला पंधरा मिनिटं वाढवून दिली. शेवटी तोच जिंकला.

मला आनंदच झाला. तो मान खाली घालून उभा होता तेव्हा माझाच जीव खालीवर होत होता. पण आई एकदम म्हणाली, "आणि त्या दोघी मुलींचं काय?"

आईने बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. बारावीच्या प्रॅक्टिकलला कितीतरी सेंटरवर ती परीक्षक म्हणून गेली आहे. वेळेच्या बाबतीत ती फार काटेकोर आहे. तिचा मुद्दा असा की त्या दोघीही त्याच उन्हात, त्याच तंबूत उभ्या होत्या आणि त्यांनी दिलेल्या वेळेत काम संपवलं.

मी राहुलची बाजू घेऊन भांडले खरी, पण रात्री मला २०१४ चा तो बेक्ड अलास्काचा भाग आठवला (केकवर आइस्क्रीम, त्यावर मेरिंग म्हणजे साखर घालून फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा थर, आणि मग ते भाजायचं). तेव्हाही कडक ऊन होतं. एका स्पर्धकाचं आइस्क्रीम दुसऱ्या बाईंनी फ्रीजरमधून बाहेर काढलेलं आपल्याला दाखवलं. ते वितळलं, आणि त्याने रागाच्या भरात सगळंच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. परीक्षकांसमोर तो चक्क डबा घेऊन गेला आणि त्याच आठवड्यात घरी गेला. त्याला कुणी मिनिटभरही वाढवून दिलं नाही.

म्हणजे एकाच कार्यक्रमात, दोघांचीही चूक नसताना, एकाला वेळ मिळाला आणि दुसऱ्याला दारच दाखवलं. मजेमजेचा कार्यक्रम आहे हे मलाही कळतं. बक्षीस काय, तर कोरलेला केकस्टँड आणि फुलं, पैसा एक नाही. पण तिथे उभं राहणाऱ्याचा जीव त्यात असतो हो. तुम्हाला काय वाटतं, हे न्यायाचं झालं का?

---

भाकरतुकडा

काकूंच्या बाजूने माझं मत. वेळ ठरली म्हणजे ठरली. द्यायचीच होती तर तिघांनाही पंधरा मिनिटं द्यायची, म्हणजे प्रश्नच उरला नसता.

डबेवाल्याबद्दल मात्र मला तेव्हाही सहानुभूती वाटली नाही. वितळलेलं का होईना, ताटलीत काढून पुढे ठेवायला हवं होतं. खालचा केक होता, मेरिंग करता आलं असतं. परीक्षक चव बघतात, पोत बघतात. समोर काही ठेवलंच नाही तर गुण कशाला देणार? त्याच आठवड्यात बाकीच्यांचीही आइस्क्रीमं धड जमली नव्हती.

---

जुनाट रेडिओ

सायंतारा, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी हा कार्यक्रम २०१० पासून, बीबीसी टूवर होता तेव्हापासून पाहतोय. पहिल्या वर्षी तर तंबू एका जागी नसायचाच, दर आठवड्याला नव्या गावी उभा राहायचा. तेव्हा तो एवढा मोठा होईल असं कुणाला वाटलं होतं! २०१६ ची फायनल या देशात दीड कोटीहून जास्त लोकांनी पाहिली.

तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला आधी सोडवून घ्यायची आहे. "बाहेर काढलेलं आपल्याला दाखवलं" असं तुम्ही लिहिलंय, आणि नेमकी तीच मेख आहे. आपण पाहतो तो तासाभराचा भाग. तंबूत ते लोक शनिवार-रविवार असे दोन दिवस उभे असतात. त्या दोन दिवसांतलं काय ठेवायचं आणि कशाला काय जोडायचं, हे नंतर एडिटिंगच्या खोलीत ठरतं. त्या भागानंतर तेव्हाच्या सूत्रसंचालक सू पर्किन्सने स्वतः सांगितलं होतं की आइस्क्रीम चाळीस सेकंदच बाहेर होतं. तेवढ्यात आइस्क्रीमचं पाणी होत नाही. ते आधीपासूनच नीट गोठलेलं नसणार, कारण त्या उन्हात कुणाचंच गोठत नव्हतं. पण पडद्यावर ते असं जोडलं होतं की एका बाईंनी मुद्दाम दुसऱ्याचा घात केला. लोकांनी शेकडो तक्रारी केल्या. त्या बाई ६९ वर्षांच्या होत्या, त्या वर्षीच्या सर्वांत वयस्क स्पर्धक. लोक त्यांच्याबद्दल काय काय बोलले ते मी तेव्हा वाचलंय, आणि अजून आठवलं की वाईट वाटतं. पुढच्या भागात आजारपणामुळे त्या आल्या नाहीत, तर लोकांनी त्याचाही भलता अर्थ काढला.

म्हणून माझ्या लेखी २०१४ मधला अन्याय त्या तरुणावर झालाच नाही. झाला तो त्या बाईंवर, आणि तो परीक्षकांनी केलेला नव्हता.

याच कार्यक्रमाने असा प्रसंग किती चांगला हाताळला होता, तेही सांगतो. २०१३ मध्ये ट्रायफलच्या (केक, फळं, कस्टर्ड यांचे थर) वेळी एका बाईंनी चुकून शेजाऱ्याचंच कस्टर्ड आपल्या ट्रायफलमध्ये ओतलं. लक्षात आल्यावर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, माफी मागून मागून त्या थकल्या. ज्याचं कस्टर्ड गेलं तो मात्र ओरडला नाही की रुसला नाही. आणि परीक्षकांना कुणाचं कस्टर्ड कुठे आहे हे माहीत होतं, त्यामुळे ज्याचं त्याला श्रेय मिळालं. माझ्यासाठी बेक ऑफ म्हणजे तो प्रसंग.

मेल आणि सू या दोघी सूत्रसंचालक असताना आणखी एक पद्धत होती. कुणी स्पर्धक रडायला लागलं की त्या दोघी शेजारी जाऊन उभ्या राहायच्या आणि तोंडाला येईल ते अर्वाच्य बोलायच्या, म्हणजे ते चित्रीकरण दाखवताच येऊ नये. हे वाचल्यापासून मला त्या दोघी घरच्याच वाटतात. २०१७ ला कार्यक्रम चॅनल फोरवर गेला तेव्हा त्या गेल्या नाहीत, परीक्षक मेरी बेरीही गेल्या नाहीत. मी रुसून एक सीझन पाहिलाच नव्हता. राहुलच्या सीझनला परत आलो.

---

कणीक

मी इथल्या एका बेकरीत सात वर्षं पहाटेच्या पाळीला आहे, त्यामुळे काचेबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कामाच्या टेबलावर काच फुटली की आमच्याकडे काय होतं सांगते. हात जिथे आहेत तिथेच थांबवायचे. आसपास जे जे उघडं असेल, मैद्याचा डबा, साखर, मळलेला गोळा, फेटलेलं लोणी, ते सगळं टाकायचं. चाळून घेऊ, वरचं वरचं काढू, असलं काही चालत नाही. साखरेच्या दाण्यात काचेचा कण दिसतच नाही. मग टेबल, जमीन, चपलांचे तळवेसुद्धा पुसायचे, ॲप्रन बदलायचा आणि पहिल्यापासून वजन करायला घ्यायचं. एकदा माझ्या शेजारणीच्या हातून मेजरिंग जग निसटला होता, साधा जग, तर आमचे चाळीस मिनिटं ओव्हन रिकामे चालू होते.

तेव्हा पंधरा मिनिटं म्हणजे राहुलला बक्षीस मिळालं असं मला अजिबात वाटलं नाही. तो वेळ साफसफाईतच गेला असणार. हातातलं काम तुटलं, मन तुटलं, त्याची भरपाई कुठे मिळाली? साखरेचं काम करताना लय लागलेली असते. ती एकदा मोडली की परत हात बसायला वेळ लागतो, आणि तो वेळ घड्याळात धरत नाहीत.

भाकरतुकडा, तिघांनाही द्यायला हवी होती हे मला पटत नाही. त्या दोघींना पंधरा मिनिटं दिली असती तर त्यांना बेकिंगची पंधरा मिनिटं मिळाली असती आणि याला झाडू-फडक्याची. ते समान झालं असतं का?

आणि मला या कार्यक्रमात खरं खटकतं ते वेगळंच आहे. अलीकडे वेळच इतका कमी देतात की चांगला हात असलेल्या माणसाचंही बूड कच्चं राहतं. ब्रेडला फुगायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, तो काही गप्पा मारून कमी होत नाही. टेक्निकलला, म्हणजे सगळ्यांनी एकच ठरवून दिलेला पदार्थ करायच्या फेरीला, तर कृतीच्या कागदावर नुसतं 'पीठ मळा' एवढंच लिहिलेलं असतं. किती मळायचं, पाणी किती घालायचं, सगळं हाताला माहीत असायला हवं. ती परीक्षा मला फार आवडते, कारण त्यात हाताची ओळख पटते. चौकड्यांचं कापड घातलेलं टेबल, प्रत्येकाच्या फोटोमागे त्याचा पदार्थ, फोटोची पाठ परीक्षकांकडे, आणि कोणता कुणाचा हे त्यांना माहीत नाही. पण मग मळायला आणि फुगवायला वेळ द्या ना. अर्धवट भाजलेली पोळी तोडून दाखवायची आणि करणाऱ्याचा पडलेला चेहरा जवळून दाखवायचा, यात मला मजा येत नाही. ओव्हनसमोर जमिनीवर मांडी घालून, काचेतून आत टक लावून बसलेली माणसं बघायला मला आवडतं. आम्हीही तसेच बसतो. आत काय होतंय ते बघण्यापलीकडे त्या वेळी हातात काहीच नसतं.

---

सायंतारा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी सगळे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. चाळीस सेकंदांचं ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या बाईंच्या मुलाबाळांनी ते वाचलं असेल गं." त्या भागाबद्दल मी इतकी वर्षं त्या तरुणाचाच विचार करत होते, याचं मला आता फार वाईट वाटतंय. जुनाट रेडिओ, हे लिहिलंत ते बरं झालं.

कणीक, तुमचं काचेचं वर्णन मात्र तिने मला दोनदा वाचायला लावलं. मग तिने तिचा एक अनुभव सांगितला, जो मीही आजवर ऐकला नव्हता. एका प्रॅक्टिकलला एका मुलीचं ब्युरेट (द्रव मोजायची काचेची नळी) स्टँडलाच तडकलं. क्लॅम्प जुना होता, तो सैल करायला गेली तर काच हातात आली. मुलगी थरथर कापत होती, बोटाला रक्त. आईने टेबल पुसून घेतलं, दुसरं ब्युरेट दिलं, घड्याळात वेळ बघून उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आणि तेवढाच वेळ शेवटी वाढवून दिला. दुसऱ्या परीक्षकांनी हरकत घेतली तेव्हा ती म्हणाली होती, "हातून पडलं असतं तर दिला नसता. सामान आमचं होतं."

मी म्हटलं, अगं मग राहुलचं काय वेगळं होतं? तर ती म्हणते, बरणी त्याच्या हातून पडली नाही, उन्हाने फुटली, म्हणून वेळ द्यायलाच हवा होता, तिचं मत तिने बदललंय. पण पंधराच मिनिटं का, साफसफाईला किती लागली ते कुणी घड्याळ लावून मोजलं का, हे तिला अजून हवंय. ते मोजून तेवढीच दिली असतील तर तिची काही तक्रार नाही. भाकरतुकडा, तुमच्या बाजूने आता घरात कुणी उरलं नाही, रागावू नका.

आणखी एक सांगायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी न्यूबरीजवळ वेलफर्ड पार्कला गेले होते, बेक ऑफचा तंबू लागतो तिथे. थंडीच्या शेवटी तिथे स्नोड्रॉप बघायला लोकांना आत सोडतात. तंबू अर्थातच नव्हता. झाडांखाली दूरवर पांढरी फुलं पसरलेली, आणि लोक हिरवळीकडे बोट दाखवून हळू आवाजात एकमेकांना सांगत होते, तंबू इथेच असतो म्हणून. माझ्या शेजारी एक आजी आपल्या नातवाला राहुल कुठे उभा होता ते दाखवत होत्या. आईला ते बघायचं आहे, पण तिचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं आहे. तेव्हा पुढच्या वेळी तिला फेब्रुवारीतच बोलवायचं असं ठरलंय, थंडी सोसायला ती तयार आहे.

आजपासून २०१५ चा सीझन लावतेय, नादिया हुसेनचा. ती जिंकते हे आईला माहीत आहे, पण शेवटी ती काय बोलते ते मी तिला सांगितलेलं नाही. इथेही कुणी लिहू नका, कारण आता आई हा धागा स्वतः उघडून वाचते.