सोळा वर्षांच्या मुलीला स्कूटरचे लायसन्स मिळते का?

प्रश्न: आम्ही आडगाव नाक्याजवळ राहतो आणि मुलीचा क्लास नाशिक रोडला आहे. लायसन्स काढून तिला घरची ११० सीसीची स्कूटर चालवता येईल का?

उत्तर १: नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सोळाव्या वर्षी, पालकांच्या लेखी संमतीने, फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीचे लायसन्स मिळते, आणि अशा गाड्या आता शोरूममध्ये जवळपास दिसतच नाहीत. कलम १९९अ मात्र अवश्य वाचा: विनालायसन्स अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

उत्तर २: २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरच्या आतली ई-स्कूटर लायसन्सशिवाय चालवता येते, पण द्वारका चौकात सिग्नल सुटताच ट्रक आणि बस एकदम पुढे रेटतात, तेथे इतक्या कमी वेगाच्या गाडीवर मी माझ्या मुलीला पाठवणार नाही. अठरा पूर्ण होताच शिकाऊ लायसन्स काढा. त्यानंतर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. तोपर्यंत सिटीलिंकची बस बरी.