एस-५ ११५यू ची जुनी कार्डं घ्यायचीत, पैसे देण्याआधी तपासायची कशी?

गव्हाण_ते_पॅन (धाराशिव जिल्हा)

नमस्कार मंडळी. साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला आहे. आमच्या एका बॅच सेंट्रीफ्यूगलवर (गरगर फिरवून साखर आणि मळी वेगळी करणारं मशीन) अजून सीमेन्सची सिमॅटिक एस-५ ११५यू ही पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) चालू आहे. वयोमानाने पॉवर सप्लाय थकलाय. गेल्या गळिताच्या शेवटी दुपारी पॅनल तापलं की पीएलसी स्टॉपला जायची, थंड झालं की आपोआप चालू. पॅनलचं दार उघडं ठेवून, बाहेरून पंखा लावून हंगाम काढला.

आता ऑफ सीझन आहे. एक पॉवर सप्लाय, एक डिजिटल इनपुट (सेन्सरचे सिग्नल घेणारं) आणि दोन आउटपुट (व्हॉल्व्ह, रिले चालवणारी) कार्डं घ्यायची आहेत. एका व्यापाऱ्याने एक आउटपुट कार्ड बघायला पाठवलंय, त्यावर 'टेस्टेड ओके'चं स्टिकर आहे. रॅकला लावलं तर सगळे एलईडी लागतात. एवढ्यावर पास करावं का? चीफ इंजिनिअर साहेबांना लेखी रिपोर्ट द्यायचा आहे.

लातूर_पॅनल

दादा, एस-५ १९७९ ची मालिका आहे, २००३ पासून कंपनीने ती बंद करत आणली. जुन्यात पैसे घालण्यापेक्षा नवीन पीएलसी टाका. आमच्याकडे तेच केलं, आता निवांत आहे.

वाळूज_कार्डदुरुस्ती

लातूरकरांचं बरोबर आहे, पण नवीन पीएलसी म्हणजे पॅनल, वायरिंग, प्रोग्रॅम, ट्रायल असं सगळं आलं. मंजुरी या हंगामाआधी मिळाली नाही तर ऊस थांबणार नाही. म्हणून विचारलंय त्याचं उत्तर देतो. मी बरीच वर्षं वाळूजला हीच कार्डं दुरुस्त करतोय.

भाऊ, एलईडीवर पास करू नका. बहुतेक आउटपुट कार्डांत एलईडी फक्त सीपीयूचा हुकूम आला एवढंच सांगतो. पुढचा ट्रान्झिस्टर करंट सोडतोय का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे बंद करतोय का, हे त्याला कळत नाही. तुमच्या मशीनवर हा प्रश्न जिवाचा आहे. साखर खरवडणारा प्लाऊ मशीनच्या फिरत्या बास्केटचा वेग उतरल्यावरच खाली आला पाहिजे. त्याला हलवणाऱ्या सोलेनॉइडचा आउटपुट शॉर्ट होऊन चालूच राहिला आणि बास्केट पूर्ण वेगात असेल, तर समोर उभ्या माणसाचं काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे आधी प्लाऊचा इंटरलॉक (वेग असताना त्याला खाली येऊ न देणारी अडवणूक) पीएलसीच्या बाहेर, स्पीड स्विच आणि रिलेमधून वायरने घेतलेला आहे का ते बघा. नसेल तर कार्डाच्या आधी ते काम करा.

आता आउटपुट कार्ड. अर्धा अँपिअरचं चॅनल असेल तर २४ व्होल्ट १० वॅटचा बल्ब लावा, साधारण ०.४ अँपिअर घेतो. एकेक चॅनल चालू करून बल्बवर व्होल्टेज मोजा. सप्लायपेक्षा एक-दोन व्होल्ट कमी चालतील, पाच-सहा कमी दिसले तर ट्रान्झिस्टर गेला. मग बंद करून पुन्हा मोजा. बल्ब विझलेला दिसतो पण मीटर तीन-चार व्होल्ट दाखवतो, असं कार्ड परत पाठवा. शेवटी सगळे चॅनल कार्डाच्या एकूण करंटच्या मर्यादेत तासभर चालू ठेवा आणि हे सगळं गरम असताना पुन्हा मोजा. बरेच दोष तेव्हाच बाहेर येतात.

इनपुट कार्डाला बेंच सप्लाय लावून व्होल्टेज हळूहळू वाढवा. आयईसी ६११३१-२ या पीएलसीच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या टाइप १ प्रमाणे पाच व्होल्टपर्यंत इनपुट बंदच दिसला पाहिजे आणि १५ ला चालू झालाच पाहिजे. ऑप्टोकपलर (सिग्नल प्रकाशातून आत नेणारा भाग) म्हातारा झालेलं चॅनल १८-१९ ला चालू होतं. सरळ २४ दिले तर ते पास होतं, आणि हंगामात लांबच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरकडून व्होल्टेज पडून आलं की मधूनच दगा देतं. सोळा चॅनलपैकी पंधरा ११ ला लागतात अन् एक १७ ला लागतो, तेव्हा तेच कार्ड नाकारायचं.

पॉवर सप्लाय मात्र सरळ रॅकला लावू नका. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या सप्लायचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकलेले असतात. उघडून बघा: डोकं फुगलंय, तळाशी तपकिरी ओल आहे, माशासारखा वास येतो, तर बदलल्याशिवाय वीजच देऊ नका. चांगला दिसला तरी पहिली वीज १०० वॅटच्या बल्बच्या सिरीजमधून द्या. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पूर्ण पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. मग सिरीज बल्ब काढून पाच व्होल्टच्या आउटपुटला एक ओहमचा ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर लावा, म्हणजे पाच अँपिअरचा लोड मिळेल. रेझिस्टर जाम तापतो, पत्र्यावर बसवा. व्होल्टेज ४.७५ ते ५.२५ मध्ये राहिलं पाहिजे आणि ऑसिलोस्कोपवर रिपल (व्होल्टेजमधली बारीक चढउतार) बघितलाच पाहिजे, कारण मीटर सरळ ५.०१ दाखवतो अन् खाली अर्ध्या व्होल्टचा करवती दाते असलेला रिपल असतो. दिवसभर चालवा. तुमचा जुना सप्लायही टाकू नका, १०५ डिग्रीचे चांगले लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले) कपॅसिटर घातले की बहुधा उठतो.

गव्हाण_ते_पॅन

काका, लई उपकार. प्लाऊचा स्पीड स्विच वायरने घेतलेला आहे, आत्ताच जाऊन बघितला. अजून एक: प्रोग्रॅमचा बॅकअप कोणाकडेच नाही. सीपीयूत काय आहे तेवढंच.

वाळूज_कार्डदुरुस्ती

मग कार्डं राहू द्या, आज हे करा. प्रोग्रॅम नुसत्या रॅममध्ये (वीज गेली की पुसली जाणारी मेमरी) असेल तर सप्लायमधल्या लिथियम बॅटरीवर जगतोय. बॅटरी बदलायची तर रॅकची वीज चालू ठेवून. बंद करून काढली तर प्रोग्रॅम गेला, आणि तो पुन्हा लिहून देणारा माणूस आता शोधून सापडत नाही.

स्टेप-५ (एस-५ चं प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर) असलेला जुना लॅपटॉप आणि २० मिलीअँपिअर करंट लूपची केबल कुणाकडून तरी मिळवा. साधी सिरियल केबल चालत नाही. अपलोड केलेल्या प्रोग्रॅममध्ये कॉमेंट आणि सिंबॉल येत नाहीत, त्यामुळे पॅनलची वायरिंग ड्रॉइंग बाजूला ठेवून कोणता इनपुट कशाचा ते आत्ताच लिहून काढा. फाइल दोन ठिकाणी ठेवा. कार्ड काढण्याआधी जंपर अन् स्विचचे फोटो घ्या, ऑर्डर नंबर शेवटच्या अंकापर्यंत जुळवा.

जालना_स्टील

मिळण्याबद्दल सांगतो. आमच्याकडे फर्नेसला भंगार येतं, त्यात कधी कधी अख्खी पॅनल असतात. एमआयडीसीतल्या भंगारवाल्याला सांगून ठेवा: कार्ड किलोवर तोडायचं नाही, फोटो पाठवायचा, वजनाच्या वर पैसे देऊ. त्याहून बरं म्हणजे शेजारच्या कारखान्यांत विचारा, ज्यांनी नवीन पीएलसी टाकली त्यांच्या स्टोअरला जुना रॅक धूळ खात पडलेला असतो. तो पूर्ण घ्या, बॅकप्लेनसह (कार्डं ज्यावर जोडतात ती मागची पाटी). तपासायला वेगळा रॅक होतो, चालू मशीनवर प्रयोग करावे लागत नाहीत.

आणि साखर कारखान्यातलं कार्ड असेल तर सल्फर बघा. हवेतल्या सल्फरच्या गॅसने चांदीचे कॉन्टॅक्ट काळे पडतात, तांब्याच्या ट्रॅकला हिरवं येतं. कनेक्टर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॉलिश पेपर लावला तर वरचं सोनंच निघून जातं.

वाळूज_कार्डदुरुस्ती

जालन्याचा वेगळ्या रॅकचा मुद्दा एकदम बरोबर. रिपोर्टमध्ये साहेबांना तोच आधी मागा. आणि घेतलेली कार्डं पत्र्याच्या स्टोअरमध्ये ठेवू नका, आपल्याकडे मे महिन्यात तिथे हात लावता येत नाही. दर दहा डिग्रीला कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेल टाकून, कंट्रोल रूमच्या एसीत ठेवा, आणि दर ऑफ सीझनला सप्लाय एक दिवस लोडवर चालवा. व्यापाऱ्याला आजच कळवा की पैसे बल्बच्या टेस्टनंतर. टेस्टला तयार नसेल तर कार्ड तसंच परत करा.