गच्ची, टाकी आणि विमानं बघायची जागा

शनिवार, संध्याकाळी ६:४८

चिनूची आई (बी-३०२): सगळ्यांनी वाचावं म्हणून इथेच टाकतेय. आत्ता गच्चीवर वाळत घातलेलं काढायला गेले तर आपल्या बिल्डिंगची चार पोरं पाण्याच्या टाकीवर चढून उभी. खाली सात मजले. विचारलं तर म्हणे इथून विमानं नीट दिसतात. माझे हातपाय गार पडले. चौघांत माझाही होता, हे कोणी सांगायच्या आधी मीच सांगते.

सेक्रेटरी (ए-४०१): वहिनी, गच्चीला कुलूप लावलं आहे. किल्ली वॉचमनकडेही ठेवलेली नाही. विषय संपला.

अण्णा (ए-१०१): टाकीचं झाकण कधी बसणार?

चिनूची आई (बी-३०२): विषय संपला कसा? मागे कुलूप लावलंत तेव्हा हीच पोरं सायकली काढून विमानतळाच्या भिंतीपर्यंत गेली होती. तिथल्या रक्षकाने हाकलून दिलं म्हणून बरं. तो रस्ता कसा वाहतो ते सगळ्यांना माहीत आहे. मला बंदी नकोय, जागा हवी आहे. उघडी, सगळ्यांसाठी असलेली, कोणी हटकणार नाही अशी. कोणाला माहीत असेल तर सांगा ना.

बंड्याचे बाबा (ए-३०३): आमच्या बेडरूममधून ऐकू मस्त येतात, दिसायची तेवढी सोय करा 😄

माई (बी-१०४): मस्त कसलं? रात्री दोनला माझ्या मांडणीतली भांडी वाजतात. आणि हे हौसेने बघायला जाणार. आधी जिन्यातला फुटबॉल थांबवा म्हणावं.

चिनूची आई (बी-३०२): माई, फुटबॉलचं त्याच दिवशी बोलणं झालं होतं. मी तुमच्या दारात येऊन माफी मागितली होती. प्रत्येक विषयात तेच कशाला?

नाना (सी-७०२): वारा बघा.

बंड्याचे बाबा (ए-३०३): नाना, कुठला वारा? इथे वातावरण तापलंय 😂

नाना (सी-७०२): थट्टा नाही करत. ३० वर्षं विमानतळाच्या हवामान कक्षात काढली. विमान उडताना आणि उतरताना, दोन्ही वेळा तोंड वाऱ्याकडे ठेवतं. धावपट्टीवर जो नंबर असतो तो होकायंत्राचे अंश, शेवटचं शून्य सोडून. आपली ०९-२७. म्हणजे एका बाजूने ९० अंश, पूर्वेकडे तोंड, आणि दुसऱ्या बाजूने २७०, पश्चिमेकडे. पश्चिमेचा वारा असला की विमानं पश्चिमेकडे तोंड करून उतरणार, म्हणजे येणार पूर्वेकडून. उतरणारी बघायची तर तेव्हा पूर्वेच्या टोकाला जायचं. वारा फिरला की सगळं उलट. म्हणून लोक एका जागेला चांगली म्हणतात, दुसऱ्या दिवशी जातात आणि हात हलवत परत येतात.

नाना (सी-७०२): आणि पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा. इथे बरेच जण चुकतात.

अण्णा (ए-१०१): झाकण?

सेक्रेटरी (ए-४०१): अण्णा, पुढच्या मीटिंगमध्ये घेतो.

अण्णा (ए-१०१): मागच्या मीटिंगमध्येही पुढचीच मीटिंग म्हणाला होतात.

दादा (सी-५०३): काकू, मी तीन वर्षं फोटो काढतोय. भिंतीजवळ जाऊ नकाच. भिंतीला लागून उभं राहिलं की भिंतच दिसते. तलावापलीकडची पालिकेची टेकडीवरची बाग बघा. धावपट्टीच्या पूर्व टोकापासून साधारण दीड किलोमीटर. विमान तीन अंशांच्या उताराने खाली येतं, म्हणजे तिथे ते जमिनीपासून जेमतेम शंभर मीटरवर असतं. तीन किलोमीटरवर गेलात तर पावणेदोनशे मीटर. दीडवर चाकं, दिवे, पंखांच्या मागच्या पट्ट्या, सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

सेक्रेटरी (ए-४०१): तिथे दुचाकी लावायला जागा आहे का? की तीही दुसऱ्याच्या जागेत लावायची?

दादा (सी-५०३): हा संदेश हटवण्यात आला आहे

सेक्रेटरी (ए-४०१): वाचला मी.

चिनूची आई (बी-३०२): पार्किंगचं उद्या भांडा, हात जोडते. दादा, बागेत फोटो काढलेले चालतात का?

दादा (सी-५०३): बाग सार्वजनिक आहे, फाटकावर वेळांची पाटी आहे. फोटोबद्दल काही लिहिलेलं नाही, आणि तिथल्या माळीकाकांना मी विचारूनही घेतलंय. पण प्रत्येक ठिकाणी विचारायचंच. देशादेशांत नियम वेगळे. धावपट्टी हवाई दलाचीही असली तर कॅमेरा पिशवीबाहेर काढायचा नाही. २००१ मध्ये ग्रीसमध्ये कालामाताला १२ ब्रिटिश आणि २ डच हौशी लोकांना हेरगिरीच्या आरोपाखाली धरलं होतं. २००२ च्या एप्रिलमध्ये त्यांना दोषी ठरवलं, नोव्हेंबरमध्ये अपिलात सुटले. माणसं नुसती विमानांचे नंबर टिपणारी होती.

सेक्रेटरी (ए-४०१): तेच म्हणतोय मी. पोरांना धरलं तर सोसायटीचं नाव येणार. कुलूप बरं.

चिनूची आई (बी-३०२): साहेब, तो हवाई दलाचा तळ होता, ही पालिकेची बाग आहे. घाबरवू नका.

बंड्याचे बाबा (ए-३०३): [व्हिडिओ] हे बघा काय भारी! समुद्रकिनाऱ्यावर लोकांच्या डोक्यावरून विमान! असं काहीतरी शोधा 👏👏

दादा (सी-५०३): काका, हा माहो बीच, कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेन बेटावरचा. धावपट्टी किनाऱ्यालगत सुरू होते, मध्ये एक रस्ता आणि एक कुंपण. उतरणारी विमानं बघायला जागा अप्रतिम आहे. पण मोठं विमान उडायच्या तयारीत असताना लोक कुंपणाला धरून उभे राहतात. २०१७ मध्ये इंजिनाच्या झोताने एक बाई अशीच उडून पडली आणि गेली. हा व्हिडिओ पोरांना दाखवू नका.

बंड्याचे बाबा (ए-३०३): काढून टाकतो. खरंच माहीत नव्हतं.

माई (बी-१०४): माझी लेक मँचेस्टरला असते. तिथे विमानतळानेच धावपट्टीशेजारी बाग केलेली आहे. मातीचे उंचवटे, बसायला बाकं. एक कॉन्कॉर्डही ठेवलंय, आवाजाहून वेगाने उडणारी ती विमानं, २००३ ला ती उडायची बंद झाली त्यातलं. नातू दोन तास जागचा हलला नाही. मी म्हटलं घरी चल तर म्हणाला आजी, अजून एक. अशी दहा वेळा अजून एक झाली.

चिनूची आई (बी-३०२): माई, हे तुम्ही कधी बोलला नाहीत!

माई (बी-१०४): कोणी विचारलं नाही. आवाजाचं मात्र माझं म्हणणं तेच आहे.

दादा (सी-५०३): बरोबर आहे माईंचं. विमानतळाने जागा दिली की लोक भिंतींवर चढत नाहीत. ॲमस्टरडॅमला शिपोल विमानतळाच्या पोल्डरबान धावपट्टीजवळ अशी जागा आहे. वॉशिंग्टनला पोटोमॅक नदीकाठी ग्रेव्हली पॉइंट आहे, गवतावर लोळायचं आणि वर बघायचं. टोकियोत हानेदा विमानतळाशेजारी जोनानजिमाची बाग. लॉस एंजेलिसच्या विमानतळाच्या दक्षिणेला टेकाडावर छोटं उद्यान आहे. सूर्य पाठीमागे, विमानतळ समोर. फोटो काढणाऱ्याला आणखी काय हवं!

नाना (सी-७०२): वारा बघा.

बंड्याचे बाबा (ए-३०३): आलेच 😄

नाना (सी-७०२): उद्या सकाळी वारा पश्चिमेचा दिसतोय, दहापर्यंत तरी. टेकडी योग्य आहे. उत्तरेच्या उतारावर बसा, उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे ऊन डोळ्यात जाणार नाही. आणि लहानांच्या हातात दुर्बीण देताना लक्ष ठेवा. विमानाच्या मागे दुर्बीण फिरवता फिरवता सूर्य नजरेत येतो.

चिनूची आई (बी-३०२): येणारं विमान आधी कळतं का? पोरं तासभर नुसती बसणार नाहीत.

दादा (सी-५०३): फ्लाइटरडार२४ टाका फोनवर. बहुतेक प्रवासी विमानं स्वतःची जागा रेडिओवर सांगत असतात, ती नकाशावर दिसतात. थोडं मागेपुढे होतं. पण खरं सांगू का, आकाशात पूर्वेला एक पांढरा दिवा जागच्या जागी थांबल्यासारखा दिसला की समजायचं, तो आपल्याकडेच येतोय. पोरांना तो आधी ओळखायला लावा. मजा त्यातच आहे.

नाना (सी-७०२): आणि विमान गेल्यावर लगेच बोलायला लागू नका. काही सेकंद थांबा. मोठं विमान असलं आणि हवा शांत असली तर मागून कापड फाडल्यासारखा आवाज येतो, वरून खाली. पंखांच्या टोकांपासून निघालेले हवेचे भोवरे ते. नोकरीत पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी वर बघतच राहिलो होतो, आकाशात काहीच नव्हतं.

बंड्याचे बाबा (ए-३०३): नाना, अंगावर काटा आला. बंड्याला घेऊन मीही येतो.

सेक्रेटरी (ए-४०१): जाणाऱ्यांनी जबाबदारी स्वतःची, हे इथे नोंदवून ठेवतो. पतंग, लेझरची टॉर्च, ड्रोन काहीही नेऊ नये. हे खरोखर गंभीर आहे.

दादा (सी-५०३): याला मात्र माझा पूर्ण पाठिंबा. लेझरने वैमानिकाचे डोळे दिपतात, नेमके उतरताना.

नाना (सी-७०२): खाण्याचा कचराही टाकू नका. कचऱ्यावर पक्षी येतात. २००९ च्या जानेवारीत न्यू यॉर्कला एका विमानाची दोन्ही इंजिनं पक्ष्यांच्या थव्याने बंद पडली, वैमानिकाने ते हडसन नदीत उतरवलं. सगळे १५५ वाचले. पण दर वेळी समोर नदी नसते.

अण्णा (ए-१०१): हे सगळं छान आहे. टाकीचं झाकण कधी बसणार? पोरं टेकडीवर गेली तरी टाकी उघडीच आहे. पाणी आपण सगळे पितो.

चिनूची आई (बी-३०२): अण्णांचं बरोबर आहे. मी आज बघितलं, अर्धं झाकण विटेवर टेकवलेलं आहे. चिनूचा पाय तिथून वीतभर अंतरावर होता.

सेक्रेटरी (ए-४०१): वीतभर?

चिनूची आई (बी-३०२): वीतभर.

सेक्रेटरी (ए-४०१): प्लंबरला आत्ता फोन करतो.

चिनूची आई (बी-३०२): उद्या पावणेसातला गेटवर. टोप्या, पाण्याच्या बाटल्या. सायकली नाहीत, सगळे चालत. दादा पुढे, मी मागे.

माई (बी-१०४): मला चढण झेपेल का?

दादा (सी-५०३): मागच्या बाजूने पायऱ्या आहेत, कठडाही आहे. हळूहळू येऊ.

रविवार, सकाळी ८:२०

चिनूची आई (बी-३०२): चिनू लिहितोय. नाना आजोबा, एका विमानाची मागची चाकं खाली लोंबत होती आणि दुसऱ्याची पुढची! असं का?

नाना (सी-७०२): शाब्बास! चाकांच्या चौकटी तिरक्या टांगलेल्या असतात, प्रत्येक विमानाची ठेवण वेगळी. मागची चाकं खाली असलेलं एअरबस ए३३० असू शकतं, पुढची खाली असलेलं बोइंग ७६७. दादाला फोटो मोठा करून दाखवायला सांग.

चिनूची आई (बी-३०२): दादा म्हणतोय दोन्ही बरोबर!!! आणि कापड फाटल्याचा आवाज माईंनी सगळ्यात आधी ऐकला.

नाना (सी-७०२): वारा बघा. दहानंतर फिरेल, तेव्हा उतरणारी पश्चिमेकडून येतील. तिथून उडणारी दिसतील, पण बरीच उंच गेलेली असतील. त्याआधी निघा.

माई (बी-१०४): अजून एक बघून निघतो.

सेक्रेटरी (ए-४०१): [फोटो] नवीन झाकण बसवलं. प्लंबर आत्ताच गेला.

अण्णा (ए-१०१): धन्यवाद. कडी दिसत नाही फोटोत.

सेक्रेटरी (ए-४०१): कडी दुपारी.