चायनीज बुफे: आई शाकाहारी, बाबांना खेकडे, बजेट १२० डॉलर. सुचवा प्लीज

अनुजा_एडिसन
नमस्कार मंडळी. आई-बाबा मालवणहून आलेत, पुढच्या आठवड्यात बाबांना ७० पूर्ण होतायत. इथल्या चायनीज बुफेत ते लांब पायांचे खेकडे मिळतात हे त्यांनी कुठेतरी बघितलंय आणि तेच खायचं मनात घेऊन बसलेत. आम्ही ४ मोठे, मुलं ९ आणि ४ वर्षांची. टॅक्स-टिप धरून १२० डॉलरच्या आत बसवायचंय. आईला अंडंसुद्धा चालत नाही, बाबांना शुगर आहे. न्यूजर्सीतल्या एडिसनपासून अर्ध्या तासाच्या आत. कधी जावं आणि आईने काय खावं?

खवय्या_नाना
बुफे सोडा, सरळ न्यूयॉर्कच्या फ्लशिंगला जा. खरं चायनीज तिथेच. आम्ही १० जण गेलो होतो, अख्खा वाफवलेला मासा, बदक, डंपलिंग, ४०० झाले पण चव अजून जिभेवर आहे.

अनुजा_एडिसन
नाना, १२० हो. आणि बाबांना तेवढा वेळ गाडीत बसवत नाही.

मंजिरी_न्यूजर्सी
वीकडे लंचला जा गं. आमच्या जवळच्या बुफेत लंच १५, शनिवार-रविवार डिनर २५. मुलांचे वयाप्रमाणे कमी लागतात. लंचला तुमचं सगळं ८५-९० मध्ये होईल. फक्त खेकडे लंचला नसतात, ते बहुतेक ठिकाणी वीकेंड डिनरलाच.

सुमेध_७३
वीकडे लंचच बेस्ट, स्वस्त पडतं.

पार्सिपनीकर
लंचला जाणार असाल तर १२ ला जा, अडीचला अजिबात नाही. मी एकदा तीनला गेलो, ट्रे कोमट, कोळंबी खाल्ली आणि दोन दिवस झोपून होतो. गरम पदार्थ ५७ सेल्सिअसच्या वर ठेवायचा नियम आहे, वाफ दिसत नसेल तर घेऊ नका. आणि दारातच आरोग्य खात्याचा कागद लावलेला असतो, त्यावर ‘सॅटिस्फॅक्टरी’ आहे का बघा, ‘कंडिशनली’ असेल तर परत फिरा.

रश्मी_व्ही
आईंसाठी महत्त्वाचं: नुसत्या भाज्या दिसल्या म्हणून घेऊ नका. घेवड्याच्या शेंगा, ब्रोकोली यांत बऱ्याचदा ऑयस्टर सॉस (कालवांचा) असतो, हॉट अँड सावर सूपला चिकनचं पाणी, फ्राइड राइसमध्ये अंडं, लो मेनच्या नूडल्समध्येही अंडं असू शकतं. माझ्या सासूबाईंनी अर्धी वाटी सूप प्यायल्यावर आम्हाला कळलं, त्या रात्रभर रडल्या, मला अजून वाईट वाटतं. त्यापेक्षा हिबाची काउंटरवर (समोर तव्यावर परतून देतात तिथे) जा, कच्च्या भाज्या आपण निवडायच्या, तवा साफ करून फक्त तेल-मीठ-लसणात परतायला सांगायचं. गर्दी नसेल तर करतात.

सुमेध_७३
आईंना व्हेज मंचुरियन द्या ना.

खवय्या_नाना
अमेरिकन बुफेत मंचुरियन कुठून येणार? ते मुंबईचं, नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केलं. त्यासाठी ओक ट्री रोडला, आपल्या देशी हॉटेलांत जावं लागेल.

सुमेध_७३
आमच्या इथे एका बुफेत होतं, मी स्वतः खाल्लंय.

मंजिरी_न्यूजर्सी
अरे त्यांचा प्रश्न काय आहे! अनुजा, बुफेत टिप १० टक्के पुरे, वाढायला कोणी येत नाही.

पार्सिपनीकर
ताटल्या उचलतात, पाणी आणतात, १५ द्यावी. मी नेहमी १५ देतो.

डॉ_कल्याणी
बाबांसाठी: ऑरेंज चिकन, जनरल त्सो चिकन म्हणजे कॉर्नफ्लोअरचं आवरण आणि साखरेचा पाक, ते टाळा. खेकड्यात कर्बोदकं जवळजवळ नसतातच, बिनधास्त खाऊ द्या. बीपी असेल तर मात्र मिठाकडे बघा. सोडा म्हणजे कोल्ड्रिंक घेऊ नका, त्याचे पैसे वेगळे लावतात.

मालवणी_मुलुख
ता स्नो क्रॅब, थंड पाण्यातला, शिजवून गोठवलेला येता, हंय फक्त वाफवतत. आपल्या कुर्लेची चव शोधू नकात. पण शनिवारी रात्री जावा, गर्दी असता म्हणान ट्रे सारखे बदलतत.

अनुजा_एडिसन
सगळ्यांचे आभार. लंच म्हणणारेच जास्त होते तरी आम्ही शनिवारी साडेपाचला डिनरलाच गेलो, कारण बाबांना जे हवंय तेच नसेल तर ७० वा वाढदिवस कसला. ज्येष्ठांना १० टक्के सूट होती, दारात विचारलं म्हणून कळलं. सोडा नाही घेतला, टिप-टॅक्स धरून १३४ झाले. बाबांनी तीन ताटल्या पाय फोडले, वितळलेलं बटर बाजूला सारलं आणि घरून नेलेली सोलकढी गाडीत येऊन प्यायले. म्हणाले, गोड आहे, पण तिखलं केलं असतं तर मजा आली असती. आईसाठी हिबाचीवाल्या काकांनी तवा पाण्याने धुऊन, खरवडून मशरूम-झुकिनी परतून दिली, आईने दुसऱ्यांदा मागून घेतली. काकांना वेगळे ५ दिले, ते वरच्या हिशोबात नाहीत.

सुमेध_७३
कुठला बुफे ते सांगा ना, आणि मंचुरियन होतं का?