बाबांच्या मणक्यात ड्युरल फिस्टुला (मज्जारज्जूच्या आवरणात धमनी नि शिरेचा चुकीचा जोड), ऑपरेशन की ग्लूने बंद करायचा?

बाबा ६२ वर्षांचे, वर्षभर पाय जड पडतायत, तोल जातो, आता लघवीलाही त्रास. आधी सगळे गादी सरकलीय म्हणत होते, फिजिओ पण झाली. आता एमआरआयमध्ये मज्जारज्जूला सूज नि बाजूला वेड्यावाकड्या शिरा दिसल्या, डॉक्टर अँजिओग्राफी म्हणतात. कोणाला अनुभव?

उत्तर १: काकांना हेच होतं. धमनीतलं रक्त थेट शिरेत घुसतं, दाब वाढतो नि मज्जारज्जूतलं रक्त तुंबतं, म्हणून पाय हळूहळू जातात. अँजिओग्राफी कराच, जोड नेमका कुठेय ते त्यातच कळतं. काकांच्या त्याच धमनीतून मज्जारज्जूलाही रक्त जात होतं म्हणून ग्लू नको म्हणाले, ऑपरेशनच केलं.

उत्तर २: ग्लू मांडीतून नळी घालून सोडतात, चिरफाड नाही, पण तो शिरेच्या तोंडापर्यंत पोचला नाही तर फिस्टुला परत उघडतो. आणि हो, स्टिरॉइड देतायत का? यात त्याने पाय अजून बिघडू शकतात.

प्रश्नकर्ता: बापरे, मागच्याच महिन्यात दिलं होतं, त्यानंतरच काठी लागली!

उत्तर १: मग हे आधी डॉक्टरांना सांगा, नि तारीख पुढे ढकलू नका. काका आता चालतात, लघवीचं मात्र अजून रडगाणं आहेच.