स्पर्धा ज्या गावात, बिअर त्या गावची का नको?

ऱ्हाइनकाठचा:
जर्मनीतल्या कोलोनच्या जुन्या बिअरगृहात निळा एप्रन बांधलेला वेटर २०० मिलीचा उभा, अरुंद ग्लास पुढ्यात ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने रेघ ओढतो. ग्लास रिकामा झाला की न विचारता दुसरा येतो. पुरे झालं की पुठ्ठा ग्लासावर झाकायचा. ही क्योल्श बिअर. कोलोन आणि आसपासच्या ब्रूअरींखेरीज कुणालाही हे नाव वापरता येत नाही. २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने या शहरातही झाले, आणि स्टेडियममधली अधिकृत बिअर होती अमेरिकेची बड. कारण बिअरच्या प्रायोजकत्वाचे हक्क बड बनवणाऱ्या अनहॉयझर-बुशने फिफाकडून विकत घेतले होते. ज्या देशात १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकने पाणी, सातू आणि हॉप्स एवढ्यावरच बिअर करायचा नियम घातला, तिथे तांदूळ घातलेली बिअर! पाहुण्यांना घरी बोलवायचं आणि चूल पेटवायची नाही, असं झालं हे. यजमान शहराची बिअर स्टेडियममध्ये मिळेल, ही अट करारातच हवी.

हिशेबी:
असहमत. १५१६ च्या नियमाला इतकं सोवळं मानू नका. त्याच्याच आधारे जर्मनी बाहेरची बिअर अडवत होती. युरोपीय न्यायालयाने १९८७ मध्ये ते चूक ठरवलं. अनहॉयझर-बुशमधला अडोल्फस बुश हा जर्मनीतल्या माइन्झसमोरच्या कास्टेलमध्ये जन्मलेला माणूस, म्हणजे 'परकी' बिअरही तिथल्याच स्थलांतरितांनी उभी केलेली. आणि गेल्सेनकिर्शेनच्या स्टेडियमला फेल्टिन्स या जर्मन बिअरचंच नाव आहे. पैसे मोजून जागा घेणं जर्मन कंपन्यांना चालतं, तर अमेरिकी कंपनीलाच दोष का?

मोल्डाव:
हिशेबी, फेल्टिन्सचं नाव त्या स्पर्धेपुरतं उतरवावं लागलं होतं, तेही लक्षात घ्या. आणि बडचं नाव बघा. बुडवाइस हे चेक गाव, त्याच्या नावाची 'बडवायझर' बिअर अमेरिकेत १८७६ पासून. गावातली बुडवार ब्रूअरी १८९५ ची, पण त्या गावात बिअर त्याच्या कितीतरी आधीपासून होतेय. जर्मनीत 'बडवायझर' नावाचा हक्क चेक कंपनीकडे, म्हणून अमेरिकी कंपनीने 'बड' म्हणायचं ठरवलं. तेव्हा बिटबुर्गर या जर्मन ब्रूअरीने आपल्या 'बिट' या नावाशी साधर्म्य आहे म्हणून हरकत घेतली. शेवटी तडजोड झाली: बडला नाव वापरू द्यायचं आणि बिटबुर्गरने स्टेडियममध्ये विकायचं, पण बिननावाच्या ग्लासातून. स्वतःच्या देशात, स्वतःची बिअर, आणि ग्लास कोरा. मला हे फार लागलं.

मडगावकर:
धागाकर्त्याच्या बाजूचा, पण एक अडचण सांगतो. आमच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तरी भट्टी लावणारा एकटा माणूस हंगामात जेवढे काजू येतील तेवढीच काढतो. स्टेडियमभर पुरवठा त्याला झेपणार नाही. तुम्ही अट घातलीत तर तिचा फायदा त्या गावची सगळ्यात मोठी कंपनीच घेईल. म्हणून सगळं स्टेडियम मागू नका, लहानांसाठी एक काउंटर मागा.

ऱ्हाइनकाठचा:
मडगावकर, पटलं. एक काउंटर, पण पाटीवर स्वतःचं नाव. हिशेबी, बुश कुठला होता हा माझा मुद्दाच नाही. माझा राग मक्तेदारीवर आहे. श्टुटगार्टला हॉलंड-आयव्हरी कोस्ट सामन्याला आलेल्या डच प्रेक्षकांच्या नारिंगी चड्ड्यांवर दुसऱ्या बिअर कंपनीचं नाव होतं, म्हणून त्या दारातच उतरवायला लावल्या. कित्येकांनी सामना अंतर्वस्त्रांवर पाहिला. तिकीट काढलेल्या माणसाची ही अवस्था करायचा अधिकार प्रायोजकाच्या पैशाला कुणी दिला?

हिशेबी:
चड्ड्यांचं समर्थन मी करणार नाही, ते लाजिरवाणंच होतं. पण त्या चड्ड्या बिअरसोबत फुकट वाटून कंपनीने पैसे न भरता जाहिरात साधली, हेही खरं. ज्याने हक्काचे पैसे मोजले त्याला संरक्षण नसेल, तर उद्या कोण मोजेल?

मोल्डाव:
ब्राझीलच्या स्टेडियममध्ये दारूला बंदी होती. २०१४ च्या स्पर्धेसाठी फिफाने आग्रह धरला आणि २०१२ मध्ये खास कायदा करून बिअर आत आणली. उलट कतारने २०२२ मध्ये, स्पर्धेला दोन दिवस उरले असताना स्टेडियमभोवतीची बिअर बंद केली, आणि स्पर्धा झालीच. यजमान ठाम राहिला तर फिफा ऐकते.

हिशेबी:
कतारच्या मागे सरकारी तिजोरी होती, कोलोनच्या ब्रूअरीमागे ती नाही. तरी बिटबुर्गरच्या कोऱ्या ग्लासाबद्दल मी मत बदलतो. विकायला परवानगी दिली होती, तर नाव झाकायला नको होतं.